प्रागला जाण्याआधी शिकागो

रत्ना बोकारेला गाडी चालवायची भीती वाटायची. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत येऊन तिला तीन वर्षं झाली होती. नवरा मोरेश्वर कामाच्या व्हिसावर, ती त्याची डिपेंडंट. नागपूरला ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती. लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं, आणि त्यानंतरही लायब्ररी आणि इंडियन स्टोअर यांच्यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

२००६च्या हिवाळ्यात तिचे सासरे, चंद्रशेखरबाबा, त्यांच्याकडे राहायला आले होते. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी रांचीच्या कारखान्यात त्यांनी चेक इंजिनिअरांबरोबर काम केलं होतं. त्यातला मिलान त्यांचा जिवाभावाचा मित्र. चाळीस वर्षं पत्रं चालू होती. जानेवारीत मिलानच्या मुलीचं, हानाचं पत्र आलं. वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, डॉक्टर फार तर उन्हाळ्यापर्यंतचं बोलतात, ते सारखी तुमची आठवण काढतात.

मिलान प्रागजवळच्या बेरोउन गावात राहायचा. बाबांचं परतीचं तिकीट आठ मार्चचं होतं. रत्नाने ते प्रागमार्गे करून घेतलं, चार दिवसांचा मुक्काम धरून. मग ती नकाशे घेऊन बसली. विमानतळावरून कुठली बस, मेट्रो कुठे धरायची, बेरोउनची गाडी कुठल्या स्टेशनातून सुटते, सगळं तिने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून काढलं. किल्ला आणि जुना पूल पाहायला एक सकाळ मोकळी ठेवली. तिला स्वतःला जाता येणार नव्हतं. पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची मुदत संपली होती. बाहेर पडली असती तर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता आलं नसतं.

राहिला होता बाबांचा चेक व्हिसा. त्यासाठी त्यांना शिकागोच्या वकिलातीत जातीने हजर राहावं लागणार होतं. सोळा फेब्रुवारी, सकाळी दहा. पंधराच्या सकाळी बर्फामुळे त्यांचं विमान रद्द झालं. दुसरी तारीख मागितली तर थेट दहा मार्च. मोरेश्वर तेव्हा क्लायंटकडे डॅलसला होता.

"कॅन्सल कर," तो फोनवर म्हणाला. "सात तासांचा ड्राइव्ह आहे यार, त्यात स्नो."

"आणि बाबांना काय सांगू?"

"मी बोलतो त्यांच्याशी. समजतील ते."

बाबा समोरच बसले होते. "राहू दे बेटा, पत्र लिहीन मी त्याला," असं म्हणून ते आत गेले आणि बॅगेत भरलेला कोट काढून पुन्हा कपाटात लावू लागले.

रत्ना दारात उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, कोट गाडीत टांगू. मी थर्मासमध्ये चहा भरते."

विस्कॉन्सिनमध्ये शिरेपर्यंत रस्ता बरा होता. मग बर्फ दाट झाला. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. रत्ना ताशी पस्तीस मैलांच्या वर जात नव्हती. टोमा गावाच्या अलीकडे एक ट्रक शेजारून गेला आणि काचेवर चिखलबर्फाचा पडदा टाकून गेला. तिने ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरली, घसरत गेली आणि दोन रस्त्यांमधल्या खोलगट भागात उलट तोंडाने थांबली.

"लागलं का बाबा?"

"नाही. तुला?"

तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. बाबांनी एकेक बोट धरून ते सोडवले.

"परत जायचं असेल तर जाऊ," ते म्हणाले. "मी मनात काही ठेवणार नाही."

"परत जायलाही याच बर्फातून जावं लागेल."

गाडी ओढून काढणारा टो-ट्रक यायला सव्वा तास लागला. गाडी धड होती, पण तोवर अंधार पडला होता. पुढच्या एक्झिटला मोटेल मिळालं. पहाटे पाचला पुन्हा निघाले, पण रस्त्यावर बर्फाचा कडक थर बसलेला. शिकागोला पोचेपर्यंत दहा पन्नास झाले.

वकिलातीच्या खिडकीतली बाई म्हणाली, तुमची वेळ गेली. बसा, जमलं तर बघू. कामकाज बाराला बंद होणार होतं. रत्ना घड्याळाकडे पाहायचं टाळत बसली. बारा वाजायला सात मिनिटं असताना हाक आली. अधिकाऱ्याने हानाचं पत्र वाचलं आणि जाण्याचं कारण विचारलं. मित्राला भेटायचं आहे, असं बाबांनी चेक भाषेत सांगितलं. त्याने मान वर करून चेकमध्येच पुढचं विचारलं. बाबा ओशाळले. "तेवढं एकच वाक्य येतं," ते इंग्रजीत म्हणाले. अधिकारी हसला नाही. पासपोर्ट टपालाने येईल, एवढंच बोलला. काय ठरलं ते सांगितलं नाही.

पुढचे अठरा दिवस रत्ना टपालपेटीपाशी जाऊन उभी राहायची. सहा मार्चला पाकीट आलं. व्हिसा होता.

बेरोउनहून बाबांचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. किल्ला, पूल काही पाहिलं नव्हतं. मिलानला धाप लागायची, म्हणून बोलणं थोडंच व्हायचं. दोघं खिडकीशी बसून राहायचे. मिलान मे महिन्यात गेला.

डॅलसहून परतल्यावर मोरेश्वर रत्नावर चिडला होता. त्याने एकच विचारलं, "त्या ट्रकने उडवलं असतं तर?" बरोबर केलंस का, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "माहीत नाही. पण त्यांना कोट परत कपाटात लावताना बघवलं नाही."