लाल रिबिनीचं झाड

आमच्या पाड्यावर मला आणि माझ्या चुलत बहिणीला अजून ‘पोलीसबाई’ म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. जे केलं ते आम्ही दोघींनी केलं, आणि त्याची फुशारकी मी जन्मभर मारणार आहे.

खर्डीपासून रिक्षाने थोडं आत गेलं की श्रीमंत म्हाताऱ्यांसाठी बांधलेला निवास लागतो. लिफ्ट आहे, बाग आहे, फिरायला फरशीची वाट आहे. माझी आई तिथे स्वयंपाकघरात कामाला. आम्ही तेव्हा नववीत होतो आणि शाळा सुटली की तिथेच जायचो. कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा चष्मा सापडेना, की आम्हाला हाक यायची. मी एका आजींना पेपर वाचून दाखवायचे. त्या मुंबईत मोठ्या डॉक्टर होत्या आणि स्वभावाने खडूस. वाचताना जरा अडखळले की म्हणायच्या, “परत वाच.”

या निवासात एक माणूस यायचा. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. गेलेल्या माणसाच्या नावाने तो डोंगरउतारावर झाड लावायचा, वर्षभर जपायचा म्हणे, आणि दर महिन्याला त्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा. अर्ध्याअधिक निवासाने त्याला पैसे देऊन झाडं घेतली होती. वर्षश्राद्धाच्या सुमाराला तो ज्याला त्याला गाडीत घालून झाड दाखवून आणायचा. आजींनी पतीच्या अस्थींतल्या थोड्या जपून ठेवल्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी त्या स्वतःच्या हाताने झाडाच्या मुळाशी घातल्या. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात त्यांनी मला सोबत नेलं, कारण गुडघे धड नव्हते आणि उतारावर कुणीतरी हात धरायला हवं होतं.

गाडी शेणव्याच्या बाजूला वळली आणि थांबली ती थेट आमच्या माळाखाली. वर ओळखीचं ऐनाचं झाड, त्याच्या पायाशी आजींच्या पतीच्या नावाची चकचकीत पाटी. मी बघतच राहिले.

ते झाड आमचं आहे. भाताचं रोप टाकण्याआधी आम्ही पालापाचोळा आणि सुक्या फांद्या पसरून जमीन भाजतो, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी माझे बाबा दर हिवाळ्यात या ऐनाच्या फांद्या उतरवतात. दरवर्षी बोडकं होत असल्याने ते उंच होतच नाही, आणि पावसाळ्यात कोवळं पान फुटलं की नवख्याला कालपरवाचं वाटतं. वयाने ते माझ्या आजोबांच्या बरोबरीचं आहे. तो माणूस मात्र म्हणत होता, “बघा, दोन वर्षांत केवढं झालं. जातच खास आहे.” मला असा संताप आला की पाटी उपटून त्याच्याच डोक्यात घालावी.

पण आजी बुंध्यावर हात ठेवून बोलत होत्या. मुलाचा फोन आला होता, साखर वाढली आहे, नवा आचारी आमटी पातळ करतो. हे सगळं त्या झाडातल्या पतीला सांगत होत्या. मी पाटी तशीच राहू दिली आणि उतरताना त्यांचा हात तेवढा धरला.

घरी येऊन आईला सांगितलं. आई भांडी घासता घासता थांबली. “गप ऱ्हा गो. मोठ्यांच्या भानगडीत आपुन नाय पडायचा. आनि त्या म्हातारीला काय सांगशील? तुझा नवरा तिथं नाय म्हून?”

मला ते लागलं. चुलत बहीण मात्र वेगळाच विचार करत होती. “एका आजीचा नाय हा. बाकीच्यांची झाडं कुठं हायेत? माळावर तर एक नवा रोप नाय.”

दुसऱ्या दिवशी ती ऐनावर चढली आणि वेणीतली शाळेची लाल रिबीन समोरून दिसेल अशी फांदीला बांधून आली. मी म्हटलं, तो सोडून टाकेल. ती म्हणाली, “नवसाची समजंल. हात नाय लावनार.”

महिना सरला, सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो आले. आम्ही दोघी खोल्याखोल्यांतून फिरलो, “आजोबा, फोटो मोठा करून दाखवू का?” असं विचारत. सगळे हौसेने दाखवायचे. प्रत्येक फोटोत पाटी वेगळी, झाड तेच, आणि त्यावर माझ्या बहिणीची रिबीन. मला तिचा इतका अभिमान वाटला की स्वयंपाकघरात जाऊन मी तिला कडकडून मिठी मारली.

बोभाटा होण्याआधी एकट्या आजींना सांगायचं असं आम्ही ठरवलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “परत सांग.” मी परत सांगितलं, झाड कुणाचं तेही सांगितलं. त्यांनी आपल्या मोबाइलमधला फोटो मोठा करून रिबीन पाहिली, आणि मला वाटलं, आई म्हणाली तेच बरोबर होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “तो पुन्हा कधी येणार आहे?”

तो आला तेव्हा जेवणघरात सगळे चहाला बसले होते. आजींनी सगळ्यांना आपापल्या झाडाचा फोटो काढून मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितलं. ओळीने लाल रिबिनी दिसल्या. त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. शहापूरहून पोलीस येईपर्यंत आई दारात उभी होती, हातात चहाचं तबक घेऊन, मान ताठ.

बाबांना हे सगळं फार लागलं. पहिल्यांदाच ते त्या निवासात आले, चपला बाहेर काढून. “आजी, आता त्या झाडाला कोयता नाय लावनार. तुमचा मानूस हाय तिथं.”

आजींनी विचारलं, “आजवर त्या फांद्यांचं काय करत होतात?” बाबांनी राब समजावून सांगितला. आजींनी ‘परत सांगा’ म्हणून तो दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, “तर मग तोडा. ह्यांना जन्मभर भाताशिवाय काही चाललं नाही.”

त्या हिवाळ्यात आजी माळावर खुर्ची टाकून बसल्या आणि बाबांनी ऐनाच्या फांद्या उतरवल्या. रिबीन आजींनी मागून घेतली. उन्हाळ्यात राब भाजला, पावसाळ्यात लावणी झाली, आणि दिवाळीनंतर नवा तांदूळ घेऊन आम्ही दोघी निवासात गेलो. आईने तो रांधला. आजींनी दोनदा भात मागून घेतला. शेजारच्या बाईंनी तांदूळ कुठला म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी आमच्या दोघींकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “आमच्या घरचा आहे.”