ग्राइंडरचा काही दोष नव्हता

कॉफी बेचव लागायला लागली तेव्हा मी सगळ्यात आधी ग्राइंडर उघडला. दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. प्लांटवर बॅच बिघडली की आधी यंत्र बघायचं, मग कच्चा माल, आणि माणसावर सगळ्यात शेवटी यायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. शिवाय इथे माणूस म्हणजे मीच. माझ्या नाकात बिघाड असेल असं कुणी तेव्हा तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याची गचांडी धरली असती.

कारण माझी सगळी पत त्या नाकावर होती. बिरवाडीजवळच्या एका केमिकल कारखान्यात मी शिफ्ट ऑपरेटर. गॅस पकडणारे मीटर असतात, नाही असं नाही, पण मीटर बोंबलायच्या आधी मला कळायचं की सॉल्व्हंट कुठल्या जोडातून झिरपतंय. "दादांना विचार, वास येतोय का," असं शिफ्टमधली माणसं म्हणायची, आणि मी नाही म्हटलं की निर्धास्त कामाला लागायची. हे नाक गेलं तर मला प्लांटवरून उचलून गोदामात बसवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाक गेलेलं असताना प्लांटवर राहिलो तर काय होऊ शकतं, तेही ठाऊक होतं. म्हणूनच मी ग्राइंडर उघडला.

कॉफीचं हे खूळ मला कसं लागलं ते सांगत बसत नाही. एक लहानसं एस्प्रेसो मशीन, हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि चिकमगळूरहून कुरिअरने येणाऱ्या बिया, एवढा संसार. बायको कुडपणची, पक्की चहाबाज. "ही माझी सवत हाय," असं ती त्या ग्राइंडरकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायची.

ग्राइंडर म्हणजे उभं जातंच. बाहेर दात्यांची पोलादी कडी, आत फिरणारा दात्यांचाच शंकू. दोघांमधली फट सगळीकडून सारखी नसली की पीठ आणि कणी एकदमच पडते, आणि कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही. मी दाते काळ्या मार्करने रंगवले, एकमेकांना हलके टेकवून फिरवले. शाई सगळीकडून सारखी पुसली जायला हवी. माझी एकाच अंगाला पुसली गेली. सापडला चोर! इतका आनंद झाला की जेवायला हाक आली तरी उठलो नाही. शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची बारीक चकती कापून कडीखाली सारली, पुन्हा रंगवलं, पुन्हा फिरवलं. शाई आता सगळीकडून सारखी पुसली गेली. कॉफी केली. बेचव.

मग वाटलं, हाताने फिरवताना शंकू डगमगत असेल. महाडच्या लेथवाल्याकडून दांड्यात बसेल असा तुकडा करून घेतला आणि हँडलच्या जागी बॅटरीवरचं ड्रिल लावलं. दळलेली कॉफी चहाच्या गाळण्यातून चाळली, मग मलमलीतून. छोट्या काट्यावर वजन केलं, धार किती सेकंद चालते ते मोबाइलवर मोजलं. सगळं जिथल्या तिथे. धार मधासारखी, वर तांबूस साय. आणि तोंडात काय? जिभेला कडू कळे, आंबट कळे, बाकी गरम पाणी.

घोळ इथेच झाला. फट सैल केली की आंबटपणा वाढायचा, आवळली की कडूपणा. म्हणजे यंत्र माझं ऐकत होतं. जे यंत्र ऐकतं ते अजून थोडं सुधारलं की मार्गावर येईल, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

"अवो, घमघमाट सुटलाय," बायको एकदा म्हणाली. "शेजारीण इचारते, काय भाजताय म्हणून. आनि तुमी म्हनता वासच नाय?"

"तुला काय कळतं कॉफीतलं!" मी खेकसलो.

"कॉफीतलं नाय कळत. वासातलं कळतं की."

मी तिच्याकडे पाठ फिरवून पुन्हा स्क्रू काढायला लागलो.

आता बिरवाडीची एक गंमत सांगतो. मुंबईहून कुणी आलं की दारातच विचारतं, "शी, कसला वास येतोय?" आणि आम्ही जरा ऐटीतच म्हणतो, "कुठे काय? आम्हाला नाही येत." सवय होते. गावाला चार दिवस राहून आलं की वास पुन्हा येतो, दोन दिवसांत पुन्हा जातो. त्यामुळे वास न येणं हा आजार असू शकतो, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही.

गणपतीला आम्ही कुडपणला सासुरवाडीला गेलो होतो. परतताना पोलादपूरहून एसटी, मग रिक्षा. रिक्षा कारखान्यांच्या बाजूला वळली आणि बायकोने पदर तोंडाला लावला. "आलं बगा आपलं गाव," ती हसत म्हणाली. मी श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, छाती दुखेपर्यंत.

"हो ना," मी म्हणालो, "आज जरा जास्तच आहे."

घरी आल्यावर ती कपडे भिजवायला गेली तेव्हा मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग डांबराच्या गोळ्या. मग अमृतांजन. अमृतांजनाने डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. मी डब्या जिथल्या तिथे ठेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी महाडला, कुणाला न सांगता, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. मे महिन्यात मला जबर ताप आला होता, तो त्यांनी नीट विचारून घेतला. "त्या तापाने गेला असेल, किंवा आणखी कशाने. सांगता येत नाही. परत येईलही," ते म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "कामावर सांगितलंत ना?"

"हो," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

त्यानंतरची प्रत्येक शिफ्ट मी जीव मुठीत धरून केली. एकदा बरोबरच्या ऑपरेटरने हाक मारली, "दादा, पंपाजवळ काहीतरी येतंय का हो?" मी गेलो, वाकलो, नाक पुढे केलं. "थांब, मीटर आणतो," मी म्हणालो.

"तुम्ही आणि मीटर?" तो हसला. मीही हसलो. आकडा ठीक निघाला, पण माझा शर्ट पाठीला चिकटला होता. घरी आलो आणि ग्राइंडर पुन्हा खोलला. निदान तो तरी माझ्या हातात होता.

दिवाळीनंतरची एक दुपार. पहिली पाळी करून आलो होतो. दुपारी कारखान्यांचा धूर आत येतो म्हणून आमच्या खिडक्या बंदच असतात. बायको दूध मंद आचेवर ठेवून शेजारी गेली होती, लक्ष ठेवा म्हणून सांगून. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ग्राइंडर मांडून बसलो. नवीन चकती घातली होती, शाई सुरेख पुसली होती. बिया मोजून आत टाकल्या, ड्रिल दांड्यावर बसवलं, बटणावर बोट ठेवलं.

"हात लावू नका!"

बायको दारात उभी होती, पदर तोंडाला. "गॅस! अवो, गॅस भरलाय घरात! कशाला हात लावू नका!"

दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. कधी, देव जाणे. तिने आत येऊन आधी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, आणि मला शर्टाला धरून बाहेर ओढलं. बटणाला हात लावायचा नाही, आधी गॅस बंद, मग खिडक्या. हे सगळं तिला मीच शिकवलेलं. त्या ड्रिलचं बटण दाबलं की त्याच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसतात. मी त्या कितीदा बघितल्या होत्या.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. ती रडली, मग मला वाटेल ते बोलली. मी "सर्दी झालीय" म्हणायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"घरात मी आले म्हनून वाचलात," ती म्हणाली. "थितं कोन येनार हाय?"

तिथे, प्लांटवर, मीच. बाकीचे सगळे माझ्या भरवशावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली पाळी होती, आणि मी जाणारच होतो. मला स्वतःची अक्षरशः किळस आली. मी खिशातून फोन काढला आणि प्लांटच्या साहेबांना लावला.

"साहेब, मला वास येत नाही. कसलाच."

पलीकडे पंखा घरघरल्याचा आवाज येत होता. मला वाटलं ते ओरडतील, किंवा काळजी घ्या म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

बायकोही माझ्याकडे बघत होती. तिलाही ते माहीत नव्हतं.

"पावसाळ्यापासून," मी म्हणालो. "गणपतीनंतर डॉक्टरांनी सांगितलं."

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.