काकीचा हिरवा दरवाजा

रविवारी सकाळी काळाचौकीच्या आमच्या चाळीत गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं यायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की आता ही चाळ पडणार. चांगली धडधाकट उभी होती तोवर यांच्यातलं कुणी इकडे फिरकलं नाही. पुनर्विकासाचा बोर्ड लागला आणि लगेच यांना प्रेमाचा पान्हा फुटला. गिरगावातले लाकडी जिने उरकून झाले होते, मच्छीमार नगरात वाळत घातलेले बोंबील झाले होते, आता आमची पाळी. मी गॅलरीत दात घासत उभी होते, अंगात गाऊन, तोंडभर फेस, तर एकाने समोरून फोटो काढला. वर म्हणतो, "ताई, तुम्ही चालू ठेवा ना, एकदम नॅचरल आहे." मी खाली वाकून चूळ भरली. तीही त्याने टिपली.

यांची आवड मला शेवटपर्यंत कळली नाही. गंजलेला नळ दिसला की हे गुडघ्यावर बसतात. मोडकी पायरी, दोरीवरचे कपडे, कुणाच्या तरी दारातली फुटकी बादली, सगळं चालतं. पण धड कपडे अंगात घातलेला माणूस मध्ये आला की हे कॅमेरा खाली करतात आणि तो बाजूला व्हायची वाट बघतात.

माझ्या शेजारच्या खोलीत काका-काकी राहायचे. काकी मालवणकडची, लग्न होऊन या खोलीत आली ती आजपर्यंत इथेच. काका गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. त्यांच्या दाराचा निळा रंग उडून पोपडे निघाले होते. या लोकांचा म्होरक्या, एक दाढीवाला, त्या दारासमोर देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. "काकी, काय दरवाजा आहे तुमचा! पुढच्या रविवारी मोठा कॅमेरा घेऊन येतो. तुम्ही दोघं दारात उभे राहा. मोठी प्रिंट करून देईन, प्रॉमिस."

काकीने ते मनावर घेतलं. त्यांच्या लग्नाचा फोटो गावच्या घरी वाळवीने खाल्ला होता. खोली सोडायचे दिवस जवळ आले होते. जिथे सगळा संसार झाला त्या दारात दोघांचा एक तरी फोटो असावा आणि तो नव्या घराच्या भिंतीवर लागावा, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, मी काढते मोबाईलवर, आत्ता. तर म्हणाली, "मोबायलात कोणय काढता गो. मोठो कॅमेरो येतलो ना."

आणि मग आमच्याकडे घरात काही चांगलं व्हायचं असलं की जे करतात, ते तिने केलं. मंडळाच्या मखराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट काकांनी मागून आणला. शनिवारी दिवसभर घासून, पोपडे काढून त्यांनी अख्खा दरवाजा, चौकटीसकट, रंगवला. काकीने दोरीवरचे कपडे काढले, पाण्याचं पिंप माझ्या खोलीत ढकललं, दाराला आंब्याचं तोरण लावलं. रविवारी सकाळी ती सणाची साडी नेसून, काका इस्त्रीचा सफारी घालून दारात उभे. गणपतीतसुद्धा काका एवढे चकचकीत दिसले नव्हते.

दाढीवाला वर आला आणि त्याचा चेहराच पडला. "अरे यार! काकी, हे काय केलंत? सगळं टेक्श्चर गेलं!" बरोबरची मुलगी म्हणाली, "ओह नो." घरात मयत झाल्यासारखे ते दोघं त्या दाराकडे बघत राहिले. मग त्याची नजर पलीकडच्या खोलीवर गेली. तिचा मालक कधीचा विरारला गेलेला, आत दोन मोडक्या खाटा टाकून कुलूप लावलेलं. त्या दाराचे पोपडे मात्र शाबूत होते. मोठा कॅमेरा तिकडे वळला. "काकी, थोडं सरकता का? सावली येतेय."

काकी सरकली. ती मंडळी गेल्यावर मी मोबाईल काढला, तर म्हणाली, "रवांदे. आता नको." साडी बदलून ती भांडी घासायला बसली. मला इतका राग आला होता की त्या दिवशी त्या दाढीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुढे खोल्या रिकाम्या झाल्या, चाळ पाडली, हिरवा दरवाजा ढिगाऱ्यात गेला.

मग मोबाईलवर आमंत्रण आलं. फोर्टातल्या एका गॅलरीत प्रदर्शन, 'तुमच्याच चाळीचं'. मी जाणारच नव्हते. काकीने धरून नेलं. तिला वाटत होतं, एखादा तरी काढला असेल, गुपचूप. काका पुन्हा सफारीत.

आत थंडगार हवा आणि कुजबुज. एका भिंतीवर मी होते, तोंडात फेस. लोक माझ्यासमोर हनुवटीला हात लावून उभे होते. काकी प्रत्येक फोटोपाशी थांबत पुढे सरकत होती. शेवटी मोठ्ठा फोटो लागला तो विरारवाल्याच्या दाराचा. खाली लिहिलं होतं, 'प्रतीक्षा'. आत कोण वाट बघत होतं, तर दोन मोडक्या खाटा.

"ह्यो तर शेजारचो," काकी म्हणाली. "आमचो खंय?"

तेवढ्यात ती पुढे वाकली. फोटोच्या अगदी कडेला, कापायचा राहून गेलेला, बोटभर हिरवा रंग होता. तिच्या दाराची चौकट. तिने त्यावर बोट ठेवलं. "ओ, हयसर उभे रवा," ती काकांना म्हणाली. त्यांची कॉलर सरळ केली, स्वतःचा पदर सारखा केला आणि त्या हिरव्या पट्टीला खेटून दोघं उभे राहिले.

मी मोबाईल वर केला, तशी गॅलरीची मुलगी धावत आली. "मॅडम, इथे फोटो काढायची परवानगी नाही."

मी तिला समोरच्या भिंतीवरचा माझा फेसाळलेला चेहरा दाखवला आणि विचारलं, तो काढताना परवानगी कुणाकडे मागितली होती. ती हटली नाही.

काकीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काढ गो तू लवकर," ती मला म्हणाली, "नायतर ह्यो पण तोडतले."