आधी झेंडी

मामाला कानाने दिसायचं. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलेला माझा मामा रेल्वेत कीमॅन होता. हातोड्याने रूळ ठोकत, आवाजावरून तडा ओळखत रोज मैलोन्‌मैल चालायचा. निवृत्तीनंतर तिथल्याच खातीपुऱ्यात माझ्याकडे राहायला आला, तरी त्याची बोटं ठोकायची थांबली नाहीत. माठ, दार, कलिंगड, जे समोर येईल ते. शेजारच्या भाभीजी म्हणायच्या, "मामाजी, कभी अपना सिर भी बजाकर देखो." मामा डोक्यावर टिचकी मारायचा. "पोकळ आहे भाभीजी, पण तडा नाही!"

नव्या माणसांना त्याने एकच गोष्ट शिकवली होती : "तडा दिसला की आधी लाल झेंडी. मग फोन, मग साहेब, मग रडणं."

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर त्याचे उपचार झाले होते. पुढे मांडी दुखू लागली. एक्स-रे बघून डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. कॅन्सर मांडीच्या हाडात पसरला होता, हाड पोखरलं होतं. "टूटने से पहले अंदर रॉड डाल देते हैं. बीमारी उससे नहीं जाएगी, पर चलते रहेंगे."

बाहेर बाकावर मामाने विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही. झीज आहे. मतलब, वयाची."

उद्या सांगू, उद्या सांगू करत मी तीन आठवडे घालवले. मग एका सकाळी उंबरा ओलांडताना त्याचं हाड मोडलं. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला.

दवाखान्यात स्ट्रेचरशेजारी उभं राहून मी सगळं कबूल केलं. तो छताकडे बघत होता.

"तुला तडा दिसला होता?"

"हो मामा."

"मग झेंडी कुठं होती रे तुझी?"

एवढंच. पुन्हा त्याने कधी विषय काढला नाही.

ऑपरेशननंतर एक्स-रेत रॉड पाहून तो खूश झाला. "तुटल्या रुळाला आम्ही बाहेरून पट्टी आवळतो. यांनी आतून घातली. हुशार आहेत!" मग वॉकर धरून रोज फाटकापर्यंत जायचा. मी घाई केली की म्हणायचा, "दुरुस्तीच्या जागी गाडी हळूच न्यायची असते."

पाच महिने तो चालला.

अस्थी वेचताना राखेत रॉड सापडला. तिथल्या माणसाने विचारलं, "फेंक दूँ, भैया?" मी हात पुढे केला. घरी आणून धुतला आणि बोटाने ठोकून पाहिला. त्या आवाजातलं मला काही कळत नव्हतं. तरी मी बराच वेळ ठोकत बसलो.