राव मामांचे कान

राव मामा आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दारावर थाप मारून. नमस्कार-चमत्कार काही नाही. आत येत त्यांनी विचारले, "काय रे बा, घरांत भुंगा पाळलास?"

भुंगा नव्हता, माझे तबकड्या वाजवायचे नवे टर्नटेबल होते. मी चेन्नईजवळ ओरगडमच्या एका ट्रकच्या कारखान्यात केबिनमधला आवाज मोजण्याचे काम करतो. ड्रायव्हरच्या कानाला किती घरघर सोसेल हे ठरवण्याचा मला पगार मिळतो, आणि माझ्याच दिवाणखान्यात दोन दिवस अखंड गुणगुण चालली होती. मामा वाकले, यंत्रामागे लोंबणारी एक बारीक तार उचलली आणि अँप्लिफायरच्या स्क्रूला आवळली. भुंगा मेला.

"ही अर्थची तार. बांधावयाची असते. पुण्याची मंडळी तुम्ही, पुस्तकें लिहितां, वाचीत नाहीं."

"मी सांगलीचा," मी म्हणालो.

"तेंच तें."

पंचापकेश राव वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. तंजावरच्या मराठी घराण्यातले. एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी काही शतकांपूर्वी दक्षिणेत उतरली ती परत गेलीच नव्हती. शब्द जुन्या दप्तरातले, हेल तमिळ. तमिळ शेजारीही त्यांना मामाच म्हणत. आणि त्यांच्या कानांची ख्याती अशी, की इमारतीत कोणी नुसता रेडिओ घेतला तरी आधी मामांना ऐकवायचा.

भुंगा गेल्यावर तबकडीचा खरा आवाज कळला. तो डासाएवढा होता. टर्नटेबल आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये फोनो प्रीअँप नावाचा एक डबा लागतो, हे मला यंत्र विकत घेतल्यानंतर समजले. मग मी शास्त्रशुद्ध कामाला लागलो. अकरा डब्यांचा तक्ता केला: बावीस रकाने, चार रंग. अभिप्राय वाचले. कोणाला एका डब्यात 'मखमली काळोख' ऐकू आला होता, कोणाला दुसऱ्यात 'ओक लाकडाचा गोडवा'. चार महिने गेले. तेवढ्या काळात मी एकही तबकडी धड ऐकली नाही. माझी बायको पल्लवी त्या खोलीत यायचीच बंद झाली. "आपलं लग्न ठरायला सहा दिवस लागले होते," ती म्हणाली, "तेव्हा तक्ता नव्हता केलास."

मामांनी तक्ता पाहिला. "प्रीअँप घेतोस की जांवई?" मग समजावून सांगितले. सुईतून येणारा आवाज इवलासा, तो शंभरपट करावयाचा, हे एक काम. तबकडी कोरताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते पुन्हा जागच्या जागी बसवायचे, हे दुसरे. "कामें दोनच. तिसरें काम विकणाऱ्याचें."

माझ्या ऑफिसातल्या प्रधानला हे पटणे शक्य नव्हते. प्रधान हा घरी अतिशय महाग प्रीअँप असलेला आणि त्याची किंमत कधीच न सांगता सर्वांना कळवणारा माणूस होता. "स्वस्तात गाळ मिळतो," तो म्हणाला, आणि ते सिद्ध करायला एका रविवारी आपला डबा लेकरासारखा मांडीवर घेऊन आला. मी दोन स्वस्त डबे मागवले होते. त्यातला एक साबणाच्या पेटीएवढा. मामांनी तिन्हींवर पंचा टाकला. डबे बदलायला मी. ऐकायला प्रधान आणि नाइलाजाने पल्लवी. मामा स्पीकरकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसले. "खरा कान पाठीमागूनहि ऐकतो," असे त्यांनी जाहीर केले. प्रधानने भक्तिभावाने मान हलवली.

व्हायोलिनची एकच तबकडी तीनदा वाजली. तिसरा डबा लावताच त्यातून सुईसारखी बारीक शिट्टी सुरू झाली. पल्लवीने कान झाकले. प्रधान ओरडला. मामा मात्र डोळे मिटून शांतपणे मांडीवर ताल देत होते.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. ताल थांबला.

"दुसरा," ते म्हणाले. पंचा काढला. दुसरा म्हणजे साबणाची पेटी. प्रधानचे तोंड पाहण्यासारखे झाले होते, पण माझे लक्षच नव्हते.

प्रधान गेला, पल्लवी आत गेली, तरी मामा मागे थांबले.

"कळलें ना तुला?"

"कधीपासून, मामा?"

"दोन वर्षें जाहलीं. डॉक्टरानें आलेख काढून दाखविला. सनई गेली, मृदंग तेवढा राहिला. पाखरें गेलीं. दाराची घंटाहि गेली." ते हसले, पण हात पंच्याच्या घड्या घालीत राहिला, उलगडीत राहिला. "मामीस ठाऊक आहे. आणखी कोणास नको. ह्या इमारतींत मला दुसरें काय काम आहे रे?"

मी शब्द दिला. (प्रधानला मराठी बोलता येते, वाचण्याचा त्याला कंटाळा आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.) मग न राहवून विचारले, "पण दुसरा डबा कसा ओळखलात?"

"तोंडें पाहिलीं. पहिल्या, महागड्या डब्यास प्रधान डबा ऐकत होता, व्हायोलिन नाहीं. दुसऱ्यास तुझ्या बायकोचा पाय हलूं लागला. इतकेंच पाहावयाचें असतें. तुझ्या तक्त्यांत पायाचा रकाना नाहीं."

साबणाची पेटी राहिली. पल्लवी पुन्हा त्या खोलीत बसू लागली. संध्याकाळी कामावरून आलो की काहीतरी वाजत असे. मामा अधूनमधून येत, आम्हा दोघांसमोर बसत आणि आमच्याकडे बघत. पूर्वी मला ते विचित्र वाटायचे. आता वरचे सूर आले की मी जरा जास्तच खुलून ऐकायचो. त्यांना दिसावे म्हणून. एकदा ते म्हणाले, "चुम्मा," म्हणजे तमिळमध्ये उगीच, "नाटक नको करूं. आवडेल तेवढेंच आवडूं दे." यानंतर मी नाटक केले नाही.

गेल्या वर्षी मामा झोपेतच गेले. तेराव्याच्या जेवणाला प्रधान माझ्या शेजारी पानावर बसला होता. रस्सम पिता पिता, डोळे पुसत तो म्हणाला, "काय कान होते हो माणसाला! अख्ख्या चेन्नईत असे कान नव्हते."

वाढायला आलेल्या मामी तिथेच थबकल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या.

"नव्हते," मी म्हणालो. "पुन्हा होणेही नाही."

मामींनी प्रधानच्या पानावर आणखी एक वडा वाढला. मला दोन.