वहिनीच्या अंगठीतला मधला खडा

आमचा दादा गेला त्याला आता दोन महिने होतील. त्याचं काम काय होतं हे कुणाला सांगितलं तर लोक आधी हसायचे. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि एका हिऱ्यासारखा दुसरा हिरा शोधायचा. बस्स, एवढंच. दुकानात त्याला सगळे मध्यस्थ म्हणायचे. शेठ हाक मारायचा, "मध्यस्थ, नवरी आलीय, नवरा बघा." नवरी म्हणजे कानातल्यातला एकटा उरलेला हिरा, ज्याचा जोडीदार कुठेतरी पडून हरवला.

नवे हिरे जुळवायला काही लागत नाही. मशीनवर घासलेले, एका साच्यातल्या बटणांसारखे. दादाकडे यायचे ते जुने, हाताने घासलेले. ते माणसांसारखे असतात. एक कडेला दबलेला, एक पोटात फुगलेला. खालचं टोक कापून सपाट केलेलं, त्यामुळे वरून बघितलं की मधोमध सुईच्या भोकाएवढा गोल दिसतो. दोन खडे तराजूत सारखे भरले तरी तोंडाने, म्हणजे वरून दिसायला, सारखे नसतात, कारण एकाचं वजन सगळं पोटात. दादा म्हणायचा, "वजनावर लग्न लावू नका, तोंडं बघा तोंडं."

आणि रंग. पांढऱ्या कागदाची घडी करायची, तिच्यात हिरे पालथे घालायचे आणि वर तोंडाची वाफ सोडायची. वाफेने चमक क्षणभर मरते, तेवढ्यात खरा रंग बघून घ्यायचा. तोही उत्तरेच्या खिडकीत, सकाळी अकराच्या आत. दिव्याखाली कधी नाही. आणि जोड जुळली असं वाटलं की ती दुसऱ्याला दाखवायची, हा दुकानाचा नियमच होता. समोर ढापण्या बसायचा. जाड भिंगांचा चष्मा म्हणून ढापण्या. हिरे सोन्यात बसवायचं काम त्याचं. त्याने मान हलवली की मगच पुडी बांधायची.

लग्न झालं तेव्हा वहिनीच्या बोटात काही नव्हतं. तिने कधी मागितलंही नाही. शिवणकाम करायची, हसतमुख बाई. एकदा नुसती म्हणाली, "लोकांच्या बायकांची बोटं भरताय. घरातल्या बोटाला तेवढी सुई टोचते."

दादाच्या ते जिव्हारी लागलं. म्हणाला, "पाच खड्यांची अंगठी करतो. जुन्या हिऱ्यांची. पण वेळ लागेल."

"लागू दे की. मी कुठे पळून चाललेय?"

पांढरेशुभ्र खडे त्याला परवडणारे नव्हते. त्याने पिवळट झाकेचे धरले, ते बरेच स्वस्त. त्याचं म्हणणं असं, की पिवळं असणं हा काही दोष नाही, शेजाऱ्यापेक्षा वेगळं असणं हा दोष. पाचही एकसारखे पिवळे असले की कुणाला पिवळे दिसतच नाहीत, दुपारचं ऊन पडलंय असं वाटतं. शिवाय पोट सपाट असलेले खडे निवडायचे. वजन कमी म्हणून पैसे कमी, आणि तोंड तेवढंच. हे सगळं तो जेवताना सांगायचा आणि वहिनी भात वाढता वाढता हं हं करायची. ऐकून ऐकून तिलाही कळायला लागलं होतं, आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त.

पहिला खडा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मिळाला. त्याचा जोडीदार चार वर्षांनी. मग कडेचे दोन छोटे. चार खडे जमायला पंधरा वर्षं गेली. आपल्या मापाचा, आपल्या रंगाचा, आपल्या खिशाचा खडा काय रोज दारात येतो थोडाच! राहिला मधला, सगळ्यात मोठा. वहिनी कधीमधी पुडी उघडायची आणि म्हणायची, "चौघं कधीची बसलीत वाट बघत. पत्ते तरी द्या त्यांना खेळायला."

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरने आक्काला, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीला, बाहेर बोलावून सांगितलं, फार तर तीन महिने. आक्काने दादाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने दिसेल त्याला विचारायला सुरुवात केली, मोठा, पिवळा, जुना, एकटा असा कुठे आहे का.

आता यात एक गोष्ट होती जी घरात कुणालाच माहीत नव्हती. दोन वर्षं झाली होती, दादाचे डोळे उतरायला लागले होते. मोतीबिंदू. त्याला सगळं जरा मळकट, पिवळट दिसायचं. तो खिडकीची काच पुसायचा. रोज पुसायचा. ढापण्या म्हणायचा, "मध्यस्थ, पुसून पुसून भोक पाडाल तिला." जुळवणाऱ्याचे डोळे गेले हे शेठला कळलं असतं तर खिडकीजवळची जागा त्याच दिवशी गेली असती, म्हणून तो गप्प. सोप्या जोड्या ढापण्याला दाखवायचा, अवघड आल्या की काहीतरी निमित्त काढून परत पाठवायचा.

एका सकाळी दुकानात मोडवाला आला. लोकांचे मोडके दागिने विकत घेऊन फिरणारा माणूस. म्हणाला, "घ्या, तुमच्या मापाचा नवरा आणलाय."

दादाने हल्ली खिशातच असलेली घरची पुडी उघडली. चौघांच्या मधे तो ठेवला, पालथा घातला, वाफ सोडली. सारखा. पुन्हा वाफ सोडली. पुन्हा सारखाच. किंमत विचारली तर पिवळ्या खड्याच्या निम्मी.

"एवढा स्वस्त कसा?"

"अहो, स्वस्त दिला तर तक्रार, महाग दिला तर तक्रार. घ्यायचा तर घ्या."

दुसऱ्या कुणाच्या खड्याला एवढी कमी किंमत आली असती तर दादाने तो सात वेळा फिरवून बघितला असता. इथे त्याला वाटलं, एकोणीस वर्षांनी नशीब आपल्याकडे वळलं. त्याने ढापण्याला विचारलं नाही. जुळलेत का, असं एकदा तरी विचारायचं. नाही विचारलं. पाचही खडे सरळ बसवायलाच दिले.

ढापण्याला पुडी उघडताक्षणी दिसलं. चार पिवळे आणि मधला तपकिरी, चहाच्या पाण्यासारखा, म्हणूनच तो स्वस्त. पण त्याने विचार केला, एवढा नजरेचा माणूस, त्याला काय दिसलं नसेल? बायकोचे दिवस भरत आलेत, मिळाला तो घेतलाय बिचाऱ्याने, आपण कशाला जखमेवर मीठ चोळा. मान खाली घालून त्याने अंगठी केली. मजुरी घेतली नाही. हे त्याने आक्काला नंतर सांगितलं, रडत रडत.

दादा अंगठी घेऊन दवाखान्यात गेला. वहिनीचं बोट एवढं बारीक झालेलं की अंगठी फिरायला लागली. आक्काने आतल्या बाजूने दोरा गुंडाळून दिला. वहिनीने हात उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितलं.

"मधला..." ती म्हणाली.

"काय मधला?"

"जरा वेगळा आहे का हो?"

"छे! दहा वेळा बघितलाय. हा ट्यूबलाईटचा दोष. घरी आलीस की खिडकीत बघ, पाचही सख्खे भाऊ."

वहिनीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. ट्यूबलाईटचंच असेल. छान झालीय."

तो पाणी आणायला गेला तेव्हा तिने आक्काचा हात धरला. "यांना दिसत नाही, आक्का. सांगू नका. मी गेल्यावर डोळे दाखवा यांचे."

नवव्या दिवशी ती गेली. घरच्या खिडकीत काही तिचं येणं झालं नाही.

आक्काने शब्द पाळला. हट्टाने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तसा म्हणतो कसा, "भिंती कधी रंगवल्या?" दवाखान्याच्या भिंती तशाच होत्या. आक्का हसली, तोही हसला. किती दिवसांनी.

घरी येऊन त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल? खिडकीशी बसला आणि डबीतली वहिनीची अंगठी काढली.

आक्का स्वयंपाकघरात होती. बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आली तर हा एक डोळा झाकतोय, अंगठी बघतोय, मग दुसरा झाकतोय, पुन्हा बघतोय. ऑपरेशनच्या डोळ्याने चार आणि एक. जुन्या डोळ्याने पाच.

"तुला दिसत होतं?" त्याने विचारलं.

आक्काने ओले हात पदराला पुसले.

"आणि तिला?"

"तिनेच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून."

"ढापण्याला?"

आक्काने मान हलवली.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना," दादा म्हणाला. "एकोणीस वर्षं थांबली. आणि बघून छान झालीय म्हणाली."

तो पुन्हा दुकानात गेला नाही. शेठने दोनदा निरोप पाठवला, ढापण्या स्वतः येऊन बसला. म्हणाला, "मध्यस्थ, चला, मधला बदलू. मी शोधतो, तुम्ही बघा." दादा म्हणाला, "तिने बघितली तीच अंगठी राहू दे. बदलून कुणाला दाखवू?" मग दोन वर्षांत आपण किती लोकांना चुकीच्या जोड्या बांधून दिल्या असतील त्याचा हिशोब करत बसायचा. ढापण्या शपथेवर सांगायचा, एकही नाही, सगळ्या मी बघितल्यात. ते त्याला पटायचं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याने करून घेतलं नाही. डॉक्टरने सांगितलं, आक्का भांडली, नाहीच. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कुणी तोंडाने बोललं नाही. सकाळी उजव्या डोळ्यावर तळहात धरून तो खिडकीशी बसलेला दिसायचा. त्या डोळ्याला पाचही सारखे दिसायचे.

तेही वर्षभरच. मोतीबिंदू पिकत गेला, आणि मग त्या डोळ्याने बसलं की त्याला समोर पांढरं धुकं तेवढं दिसायचं, त्यात अंगठी आहे की नाही हेही कळायचं नाही. त्यानंतर तो खिडकीशी बसायचा बंद झाला. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. असा अजून तीन वर्षं होता.