खिळ्यांचं गाठोडं

आमच्या घरात वर्षातून अडीच दिवस खिळा ठोकायला बंदी असायची. सुताराच्या घरात ही बंदी म्हणजे काय, ते तसल्या घरात वाढल्याशिवाय कळायचं नाही. एरवी सकाळी चहाच्या आधीपासून ठाकठूक सुरू. ती थांबली की आम्हा भावंडांना चुकल्यासारखं व्हायचं आणि आई म्हणायची, सुटले बाई माझे कान.

बाबा मूळचे वसईकडचे. बोईसरला कारखाने उभे राहायला लागले, कामगारांसाठी चाळी आणि वसाहती बांधल्या जाऊ लागल्या, तशी दारं-खिडक्यांची कामं निघाली आणि बाबा आम्हाला घेऊन तारापूरच्या बाजूला आले. समुद्राला लागून कोळीवाडा होता, त्याच्या टोकाला आमचं भाड्याचं घर. अख्ख्या वाडीत ख्रिस्ती असे आम्हीच. दारं-खिडक्यांचं काम नसेल तेव्हा बाबा कोळ्यांच्या होड्या दुरुस्त करून द्यायचे. वाडीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दिवेलागणीला बाबा अंगणात बसकण मारायचे. हातोड्या, गिरमिट, खिळ्यांचे डबे, सगळं पुसून एका जुन्या चादरीत ठेवायचे. आई आपल्या सुया आणून त्यात टाकायची, कारण सुईसुद्धा टोचतेच. मग गाठ. ही गाठ बाबांची स्वतःची होती. दोरीचं एक टोक आत वळवून कुठून तरी भलतीकडून वर काढायचे. आम्ही कितीदा करून पाहिली, पण ती मेली कुणाला जमली नाही. गाठोडं भिंतीवरच्या क्रुसाखाली जमिनीवर ठेवलं जायचं. देवाच्या हातापायांत खिळे ठोकले तेही माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातोडीने ठोकले असतील, बाबा सांगायचे, म्हणून एवढे दिवस आपली हातोडी गप्प बसू दे. धाकट्याने एकदा विचारलं की मग भिंतीत आधीच ठोकलेल्या खिळ्यांचं काय? बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ते राहू दे, कॅलेंडर पडेल.

रविवारी चर्चमधली ईस्टरची मिस्सा आटोपून घरी आलो की बाबा गाठ सोडत आणि हातोडीने आमच्या दाराच्या चौकटीवर तीन ठोके देत. देव मरणातून उठला, असं त्या ठोक्यांनी आम्ही घराला कळवायचो. ते वाजल्याशिवाय आई चुलीवर मटण चढवत नसे. उपवासाचे चाळीस दिवस मटणाचं तोंड न पाहिलेली आम्ही पोरं त्या ठोक्यांकडे कशी डोळे लावून बसत असू, ते सांगायला नको.

मी दहा-अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. मी थोरली, आणि खरं सांगायचं तर भारी आगाऊ. वर्गात धर्मशिक्षणाची उत्तरं सगळ्यात आधी मला यायची आणि ती न विचारता सांगायची मला खोड होती.

आमच्या शेजारी एक नाखवा राहायचे. नाखवा म्हणजे होडीचा मालक. आम्ही त्यांना नाखवाकाकाच म्हणायचो. त्यांच्या होडीची एक फळी कुजली होती. ती काढून बाबांनी नवी बसवायला घेतली होती. होडी किनाऱ्यावर टेकू लावून उभी होती. गुरुवारी संध्याकाळी फळी जागेवर बसली, अर्धे खिळे मारून झाले आणि दिवेलागण झाली. बाबांनी हातोडी खाली ठेवली. पाणी एवढ्या वर येत नाही, उरलेलं रविवारी बघू, असं दोघांचं ठरलं आणि ते खिळे गाठोड्यात गेले. होडीला लागणारे जाड, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे बाबांनी मुद्दाम आणून ठेवले होते. वाडीत दुसऱ्या कुणाकडे तसले नव्हते.

शुक्रवारी आईबाबा सकाळीच निघाले. बोईसरहून गाडीने पालघर, तिथल्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती, मग दुपारची प्रार्थना. धाकट्याला गोवर आला होता म्हणून त्याच्याजवळ मला ठेवलं. मी रुसले होते. गुड फ्रायडेला चर्चमध्ये नाही म्हणजे काय! निदान घरातले सगळे नियम तरी कडक पाळायचे, असं मी मनाशी ठरवलं. केसांना फणी लावली नाही, पेजेत मीठ घातलं नाही. मीठ घालू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, ते माझ्या पदरचं.

नऊच्या सुमाराला नाखवाकाका दारात आले. घामाघूम झाले होते. त्या दिवशी पौर्णिमा होती, उधाणाचे दिवस, त्यात समुद्राकडून वारा सुटला होता. रात्रीची भरती टेकूपर्यंत येऊन गेली होती आणि दुपारची आणखी वर चढणार हे त्यांना दिसत होतं. होडी वर ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात, आणि उधाणाच्या ओढीत जाळी भरतात म्हणून सगळे मासेमारीला गेलेले. बाबा घरी नाहीत म्हटल्यावर ते म्हणाले, खिळे नि हातोडी तरी दे, मीच ठोकतो.

गाठोडं त्यांना दारातून दिसत होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आज आमच्याकडे खिळ्याला हात लावत नाहीत," मी म्हणाले. "पाप लागतं."

त्यांनी पुन्हा विचारलं. होडी जाईल गो पोरी, असंही म्हणाले. मी मान हलवत राहिले. एवढा मोठा माणूस, आत येऊन गाठोडं उचलून नेता तर मी काय करणार होते? पण ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. क्रुसाकडे एकदा बघितलं आणि गेले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बाबा आल्यावर त्यांना कसं सांगायचं, याची वाक्यं मी तयार करत बसले.

दुपारी भरती आली. पाण्याने होडी टेकूंवरून उचलली, अर्धवट मारलेली फळी सुटली, आत पाणी भरलं आणि होडी कलंडून खडकावर आपटली. काकींचा आरडाओरडा आमच्या घरापर्यंत ऐकू आला. मी धाकट्याच्या अंगावर चादर ओढली आणि बाहेर गेलेच नाही.

संध्याकाळी ऊन उतरता उतरता आईबाबा आले. त्यांना वाटेतच कळलं होतं. बाबांनी विचारलं, नाखवा आला होता का? तयार केलेल्या वाक्यांतलं एकही वापरलं नाही. मी जेमतेम दोन शब्दांत सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर फार बरं झालं असतं, आजही मला तसंच वाटतं. ते क्रुसापाशी गेले, खाली बसले आणि गाठ सोडली.

"अहो, आज?" आई म्हणाली.

बाबा उठले. एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात माझं मनगट, असे आम्ही किनाऱ्यावर गेलो.

होडीची एक बाजू पार फुटली होती. नाखवाकाका वाळूत बसले होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नाखवा, पोरीची चूक नाही. मी तिला अर्धंच शिकवलं."

मी तोवर धीर धरला होता, पण हे ऐकलं आणि मला रडू फुटलं. बाबा माझ्यासाठी मान खाली घालून उभे आहेत, हे मला बघवेना. नाखवाकाका उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तिनं तिचा नेम पालला," ते म्हणाले. "आमी पन नारळ दिल्याबिगर दर्यात होडी घालत नाय."

त्यांनी राग धरला नाही. काकींनी मात्र धरला आणि तो रास्तच होता. पुढे महिनाभर त्या आईशी बोलल्या नाहीत. बाबांनी त्याच संध्याकाळी फुटक्या फळ्या उकलायला घेतल्या. गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांच्या हातोडीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्या ईस्टरला तीन ठोके झाले नाहीत. होडी होईपर्यंत बाबांनी दुसरं काम हातात धरलं नाही, तरी ती पाण्यात गेली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. नाखवाकाकांचा तेवढा हंगाम बुडाला.

पुढच्या वर्षी गुरुवारी बाबांनी पुन्हा गाठोडं बांधलं, तीच गाठ मारली आणि ते माझ्या हातात दिलं. नाखवाकडे देऊन ये, म्हणाले. आमच्यात रविवारपर्यंत चालत नाही, तुमच्याकडे राहू दे, कुणालाही लागलं तर वापरा, असा निरोप होता. त्यांच्या दाराशी जाईपर्यंत मी तो निरोप घोकत होते. काकांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि आत देवाच्या फळीखाली नेऊन ठेवलं. ईस्टरच्या सकाळी त्यांनी ते परत आणून दिलं, वर दोन पापलेटं. तेव्हापासून हीच आमची रीत झाली. दर वर्षी त्या गुरुवारी गाठोडं पोचवायला मीच जायचे, शिकवणीला जायला लागले, नोकरीला लागले तरी.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी गुड फ्रायडेला दुपारी वावटळ आली आणि नाखवाकाकांचं पुढचं दार बिजागरीसकट निखळलं. मी चर्चमधून आले तर काका ते दार जाळ्याच्या दोरीने चौकटीला बांधत होते. शनिवारीही ते तसंच लोंबकळत होतं, आणि आतबाहेर करणाऱ्या काकी दर खेपेला त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. मला वाटलं, बाबांची वाट बघत असतील.

रविवारी आम्ही मिस्सेहून आलो तर काका आमच्या ओट्यावर गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. मी ते हातात घेतलं आणि गाठ बघितली. बाबांचीच गाठ. काकांना ती बांधता येणं शक्यच नव्हतं, आम्हाला इतक्या वर्षांत जमली नव्हती. मग मला मागची सगळी वर्षं आठवली. दर ईस्टरला गाठोडं असंच, याच गाठीचं परत यायचं, आणि मी खुळी समजत होते की त्यांना गरजच पडली नसेल.

"काका, खिळे तुमच्या घरात होते," मी म्हणाले. "दार का नाही ठोकलंत?"

त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं. त्यांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं.

"उठला ना तुमचा देव?" ते म्हणाले. "मंग चला, आता ठोकू."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथेच ओट्यावर गाठ सोडली आणि हातोडी माझ्या हातात दिली. आम्ही सगळे, नव्या कपड्यांतच, शेजारी गेलो. बाबा आणि काकांनी दार उचलून धरलं. त्या वर्षीचे तीन ठोके मी नाखवाकाकांच्या चौकटीवर मारले.